साठ दिवस आधी

गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात राज्य बदलतं. स्टेशनच्या पाट्या हिंदी होतात, डब्यातली बोली मात्र पोवारी आणि मराठीच्या मधे कुठेतरी रेंगाळत राहते. लांजी, वारासिवनी, कटंगी या गावांतल्या घराघरांत आजही निम्मी नाती वैनगंगेच्या खालच्या अंगाला, भंडारा-गोंदियात आहेत. सोयरिकी तिकडे, कोर्टकचेऱ्या इकडे. ही सीमा तशी तरुण आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, ती भोपाळ झाली.

या तारखेच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. आपण मराठी माणसं हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात मांडतो, आणि ते साहजिकही आहे. पण त्या दिवशी नागपूर महाराष्ट्रात नव्हतं. ती मध्य प्रदेशाची राजधानी होती. आधुनिक भारतातलं सर्वांत मोठं धर्मांतर मध्य प्रदेशाच्या राजधानीत, दिवसाढवळ्या, उघड्या मैदानावर झालं आणि बालाघाटच्या माणसासाठी ते त्याच्याच राजधानीत झालं.

आज त्याच बालाघाटातल्या एखाद्याला धर्म बदलायचा असेल तर कायदा सांगतो की साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत कलेक्टरला, लेखी कळवा. बळजबरी नाही, आमिष नाही, माझ्या मर्जीने करतो आहे, असं त्यात जाहीर करा. दीक्षा देणाऱ्यानेही तितकेच दिवस आधी कळवायचं. त्याने कळवलं नाही तर किमान तीन वर्षांची कैद. अनेक माणसांनी एकाच वेळी धर्म बदलला की ते 'सामूहिक धर्मांतर' ठरतं. आमिष वा बळजबरीने तसं घडवल्याचा ठपका आला तर शिक्षा पाच ते दहा वर्षं. कायद्याचं नाव आहे मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१. गेली काही वर्षं हे नाव माझ्या मनातून जात नाही. बालाघाटला जायचं ठरवलं ते याच नावापायी. धर्माचं स्वातंत्र्य म्हणजे नेमकं कोणाचं स्वातंत्र्य, हा प्रश्न या जिल्ह्यात जितका उघडा पडतो तितका तो मुंबई-पुण्यात पडत नाही.

कायद्याचं मूळ शोधत गेलं की पुन्हा नागपूरच लागतं. एप्रिल १९५४ मध्ये रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. सदस्यांत एक ख्रिस्ती गृहस्थही होते, वर्ध्याचे गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज. समितीने १४ जिल्हे पालथे घातले, ११ हजारांहून अधिक लोकांशी बोलली, ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. १९५६ मध्ये अहवाल आला. परदेशी पैसा, शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि कर्ज यांच्या आडून आदिवासींना ख्रिस्ती केलं जातं, असा त्याचा निष्कर्ष होता. धर्मांतर हेच ज्यांचं मुख्य काम आहे अशा मिशनऱ्यांना परत पाठवावं, दवाखान्याचा वापर धर्मांतरासाठी होऊ देऊ नये, गैरमार्गाच्या धर्मांतरावर कायद्याने बंदी घालावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. धर्मांतरबंदीच्या प्रत्येक चर्चेत आजही हा अहवाल पुढे केला जातो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. नागपूरच्या त्या सोहळ्यात आंबेडकरांबरोबर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांत भवानीशंकर नियोगीही होते. ज्यांच्या अहवालातून पुढे धर्मांतरावरचे कायदे उगवले त्या न्यायाधीशाने अहवालाच्याच वर्षी स्वतःचा धर्म बदलला. कोणाची परवानगी न घेता, उघडपणे, लाखोंच्या समोर.

यात विसंगती आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. नियोगींना धर्म बदलण्याचं वावडं नव्हतं. भुकेल्या, आजारी, कर्जात बुडालेल्या माणसाला त्याच्या गरजेच्या मोबदल्यात धर्म विकला जातो, याचा त्यांना राग होता. स्वतःच्या बाबतीत त्यांना शंका नव्हती. आपण विचार करून ठरवलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. अडचण पुढे आहे. हाच विश्वास एखाद्या गोंड बाईबद्दल, बैगा म्हाताऱ्याबद्दल बाळगायचा की नाही?

१९६८ मध्ये गोविंद नारायण सिंह यांच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारने मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम आणला. आदल्या वर्षी ओडिशाने तसाच कायदा केला होता. स्वातंत्र्याआधी रायगढ संस्थानाने १९३६ मध्ये आणि पुढे सरगुजा संस्थानाने असे कायदे केले होते, तेव्हा कल्पना नवी नव्हती. नाव वेगळं होतं. या दोन संस्थानी कायद्यांच्या नावात धर्मांतर आणि धर्मत्याग हे शब्द सरळ होते. १९६८ च्या कायद्याने तीच गोष्ट 'स्वातंत्र्य' म्हणून मांडली. गैरमार्गाने धर्मांतर करवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री, अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर दोन वर्षं आणि दहा हजार. २०२१ च्या कायद्यात आकडे वाढले, यादी तीच राहिली: इतरांसाठी एक ते पाच वर्षं, या चौघांसाठी दोन ते दहा.

अज्ञान मूल, स्त्री, दलित, आदिवासी. ही यादी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी तिथेच अडखळले आहे. दुबळ्याला फसवणाऱ्याला जास्त शिक्षा, असा हेतू त्यामागे सांगितला जातो आणि त्या हेतूत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण चाळीस वर्षांची शिक्षिका आणि आठ वर्षांचं पोर एकाच ओळीत बसवलं की कायदा नकळत सांगून जातो, की या बाईचं मन अजून पुरतं तिचं नाही.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांच्या कथेचा एक धागा याच रुळांवरून जातो. त्यांचे पती नारायण वामन टिळक राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. राजनांदगाव बालाघाटपासून फार लांब नाही आणि नागपूरहून तिथे जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. त्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांचं घर मोडलं, मुलगा जवळ घेऊन त्या माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या, रडल्या, भांडल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं पाळत राहिल्या. स्वतःच्या मनाशी वाद घालत, एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडवत त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. ज्यांनी त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलं आहे त्यांना सांगायला नको की मराठीत एका माणसाच्या मनाचा याहून प्रामाणिक पंचनामा सापडणं कठीण आहे. त्या पाच वर्षांत त्यांना कोणत्या कचेरीत अर्ज द्यायला लावला असता तर काय झालं असतं? तारीख कोणती घातली असती त्यांनी?

त्याच काळात, त्याच मध्य प्रांतात, उलट्या बाजूचं चित्रही होतं आणि ते झाकून चालणार नाही. १८९६-९७ चा दुष्काळ बालाघाटवर फार कठीण गेला. गावंच्या गावं उजाड झाली, पोरकी मुलं रस्त्यावर आली. पंडिता रमाबाई त्या वर्षी मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन पुण्याकडे परतल्या. त्यातूनच केडगावचं मुक्तिसदन वाढलं. ठिकठिकाणच्या मिशनांनीही अनाथाश्रम उघडले. बालाघाट आणि बैहरच्या बाजूला जॉन लॅम्पर्ड यांनी काढलेलं बालाघाट मिशन होतं, जे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या हाती गेलं. या आश्रमांनी जीव वाचवले. त्यात वाढलेली बहुतेक मुलं ख्रिस्ती झाली. पोटात अन्नाचा कण नसलेल्या सहा वर्षांच्या मुलीने कोणता धर्म 'निवडला'? नियोगींचा प्रश्न इथे खरा आहे. तो रमाबाईंनाही लागू होतो. त्यांच्या करुणेबद्दल मला काडीची शंका नाही, तरीही होतो.

म्हणून गैरमार्गाला कायद्याने अडवू नये असं मी म्हणत नाही. पण फसवणूक करणाऱ्याला पकडणं वेगळं आणि फसला नसलेल्याकडून आगाऊ खुलासा मागणं वेगळं. १९६८ च्या कायद्यात सूचना देण्याची जबाबदारी दीक्षा देणाऱ्यावर होती, आणि तीही विधी झाल्यावर. २०२१ मध्ये ती धर्म बदलणाऱ्यावरही आली आणि विधीच्या साठ दिवस आधी गेली. धर्मांतर स्वेच्छेने झालं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. मधल्या पन्नास वर्षांत बालाघाटचा माणूस साक्षीदाराचा अर्जदार झाला.

न्यायालयांत हा वाद एकसारखा चालला नाही. ओडिशाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला, मध्य प्रदेशचा जबलपूरच्या उच्च न्यायालयाने राखला. बलौदाबाजार भागात खटला भरला गेलेल्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस या धर्मगुरूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १७ जानेवारी १९७७ रोजी सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. दोन्ही कायदे वैध. अनुच्छेद २५ मधला धर्म 'प्रसार' करण्याचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नव्हे. कारण तसा हक्क मानला तर समोरच्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर घाला येतो. मुंबईचे घटनापंडित एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ऐकून, पटून मी धर्म बदलला तर ते माझ्याच सदसद्विवेकबुद्धीचं काम आहे. मग प्रसाराने तिच्यावर घाला कसा येतो?

हा 'प्रसार' शब्द घटनेत सहज आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर जोरदार भांडण झालं. ओडिशाचे लोकनाथ मिश्र यांना तो शब्दच नको होता. कन्हैयालाल मुन्शींनी सांगितलं की अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीत तो आहे आणि तो ठेवणं हा दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे. शब्द राहिला. १९७७ मध्ये त्याचा अर्थ आकसला.

अलीकडे वारं थोडं फिरलं आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तीस दिवस आधी सूचना देण्याची अट रद्द केली होती. माणसाच्या मनात काय चाललं आहे हे सरकारला आगाऊ कळवायला लावता येत नाही, असा त्यामागचा विचार. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने साठ दिवसांच्या कलमाला प्रथमदर्शनी घटनाबाह्य म्हटलं आणि स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर त्याखाली सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला. दुसरीकडे, एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारच्या गृह खात्याने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म आहे आणि हिंदूने बौद्ध व्हायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. हे वाचलं तेव्हा मला नागपूरचं मैदान दिसलं. पांढऱ्या कपड्यांतले लाखो लोक, आणि प्रत्येकाच्या हातात एक अर्ज. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. एकवीस वर्षांची सूचना होती ती. पण ती त्यांनी आपल्या लोकांना दिली होती, विरोधकांना दिली होती, देशाला दिली होती. कलेक्टरला नव्हे.

धर्मस्वातंत्र्य या शब्दावर सध्या सर्वांत मोठी ओढाताण अमेरिकेत चालली आहे आणि त्या देशाचा आपल्या मराठी मुलखाशी संबंध जुना आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू द्यायला तयार नव्हती. कलकत्त्यातून त्यांना घालवलंच होतं. मुंबईच्या गव्हर्नरपुढे त्यांनी धर्मप्रसाराच्या मोकळीकीसाठी झगडा केला आणि ते टिकले. त्यांच्या मंडळींनी मुंबईत शाळा काढल्या, पुढे अहमदनगरला ठाण मांडलं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. धर्मस्वातंत्र्याची एक कल्पना आपल्याकडे अशी बोटीतून आली. तिचा अर्थ होता, सरकारने आमच्या आड येऊ नये.

अमेरिकेच्या घटनेची १७९१ ची पहिली दुरुस्ती दोन गोष्टी एका दमात सांगते: सरकारने कोणताही धर्म स्थापू नये आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळा आणू नये. सगळं भांडण या दोन अर्ध्या वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. ओरेगॉन राज्यात आल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक हे दोघं व्यसनमुक्तीच्या संस्थेत नोकरीला होते. नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत त्यांनी पेयोटी नावाच्या निवडुंगाचं सेवन केलं. तो त्या विधीचा प्रसाद. नोकरी गेली, बेकारी भत्ताही नाकारला गेला. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सर्वांना सारखा लागू असलेला कायदा धर्माच्या आड आला तरी चालेल. या निकालाने डावे-उजवे, ख्रिस्ती-ज्यू सगळेच हादरले. १९९३ मध्ये संसदेने जवळजवळ एकमताने धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा केला, सेनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी, आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. मूळ कळवळा आदिवासी विधी पाळणाऱ्या दोघांचा होता. एकवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, हाच कायदा हॉबी लॉबी या दुकानांच्या मोठ्या साखळीच्या कामी आला. काही गर्भनिरोधकांचा खर्च कर्मचारी स्त्रियांच्या विम्यात द्यायला मालकांच्या श्रद्धेचा विरोध होता आणि न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. पुढे समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारणाऱ्या दुकानदाराचा खटला आला, मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाचा आला. आता तिथे एका पक्षाच्या तोंडी धर्मस्वातंत्र्य म्हणजे बहुसंख्य श्रद्धाळूंचं संरक्षण आणि दुसऱ्याच्या तोंडी त्या श्रद्धेच्या माऱ्यापासून इतरांचं संरक्षण.

अमेरिकेतली आपली माणसंही यात दोन्ही बाजूंना आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने, पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने, जातीभेदावर बंदी घातली. आंबेडकरी संघटना त्यासाठी झटल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं तेव्हा अनेक हिंदू संघटनांनी हरकत घेतली की जात हा आमच्या धर्माचा भाग आहे असं सरकारने ठरवणं हाच आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी विधेयक परत पाठवलं. ज्या जातीतून बाहेर पडायला नागपूरचा माणूस धर्म सोडून गेला, तिच्याविषयीचा कायदा अडवायला धर्मस्वातंत्र्य पुढे आलं. मला हे वाचताना दुःख झालं.

पण अमेरिकेतला एक खटला मला थेट बैहरला घेऊन येतो. ॲरिझोनात ओक फ्लॅट नावाची जागा आहे. सान कार्लोस अपाचे लोकांसाठी ती देवभूमी आहे, मुली वयात आल्या की त्यांचे विधी तिथे होतात. तिच्या पोटात तांबं आहे. २०१४ मध्ये संसदेने एका भल्यामोठ्या संरक्षण विधेयकाला जोडून ती जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या कंपनीला देण्याची सोय केली. खाण झाली की जागा खचून दरी होणार. अपाचे लोकांनी धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला. कनिष्ठ न्यायालयात सहा विरुद्ध पाच मतांनी ते हरले आणि २७ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी असहमती नोंदवत विचारलं की ऐवजी एखादं जुनं कॅथेड्रल पाडायचं असतं तर आपण असंच वागलो असतो का.

बालाघाटच्या बैहर भागातही तांबं आहे. मलाजखंडची खाण, देशातल्या तांब्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक, हिंदुस्थान कॉपरची. आणि भोवती गोंड आणि बैगा. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात राहतो. साजा म्हणजे आपला ऐन. तिथे कळस नाही, दार नाही, पुजाऱ्याची वंशावळ नाही. कुळं देवांच्या संख्येवरून मोजली जातात, चार देव, पाच देव, सहा, सात. आणि एकाच संख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. बैगांचं तर त्याहून वेगळं. ते स्वतःला या जमिनीचे पहिले राखणदार मानतात. जमीन ही आई, तिच्या छातीवर नांगर चालवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. झाडं तोडून, जाळून, राखेत बी फेकायची बेवार शेती हे त्यांचं धर्माचरण होतं. इंग्रजांच्या जंगल खात्याने एकोणिसाव्या शतकात ती बंद केली. १८९० मध्ये तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात 'बैगाचक' म्हणून एक तुकडा मोकळा ठेवला, बाकी सगळीकडे बैगाच्या हातात नांगर दिला. श्रद्धेविरुद्ध केलेली इतकी उघड सक्ती या मुलखात दुसरी झाली नसेल. तिला धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न कोणी म्हटलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

एका माणसाला ते दिसलं होतं. व्हेरियर एल्विन इंग्लंडहून पाद्री म्हणून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर ते मंडल्याच्या डोंगरात गोंडांमध्ये राहायला गेले. गोंडांना ख्रिस्ती करायला त्यांनी नकार दिला, त्यावरून नागपूरच्या बिशपशी बिनसलं आणि अखेर त्यांनी चर्चच सोडलं. १९३९ मध्ये त्यांचं 'द बैगा' हे पुस्तक आलं. नांगराबद्दलची बैगांची कथा त्यात आहे. पुढे मंडल्यातल्या मिशनऱ्यांशी ते भांडले आणि आदिवासींना हिंदू वळण लावू पाहणाऱ्या सुधारकांशीही भांडले. शामराव हिवाळ्यांनी परधान या जमातीवर स्वतःचं पुस्तक लिहिलं. मराठीत या माणसाची आठवण फारशी कोणी काढत नाही, म्हणून इथे मुद्दाम काढते.

बैहरच्या बाजारात बैगा बायका लगेच ओळखू येतात त्या गोदण्यावरून. कपाळावरची खूण पहिली, लहानपणी काढलेली, भुवयांच्या मधे, ठिपके आणि रेघा. मग पाठ, दंड, मांड्या, पाय. सुईने टोचून काजळी भरायची, रक्त पुसायचं, पुन्हा टोचायचं. मेल्यावर दागिने इथेच राहतात, अंगावरचं गोदणं तेवढं बरोबर येतं, अशी समजूत. मोहाच्या फुलांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या एका आजीचे हात मी बराच वेळ पाहत होते. कोपरापासून मनगटापर्यंत निळसर काळ्या रेघांची जाळी, सुरकुत्यांत थोडी विस्कटलेली. मोहाचं माप भरताना ती जाळी आवळायची आणि सुटायची. या हातांचा धर्म कोणता, असं फॉर्मवर विचारलं तर?

२०२१ च्या कायद्यात एक वाक्य आहे की मूळ पैतृक धर्मात परत येणं म्हणजे धर्मांतर नव्हे. पैतृक धर्म म्हणजे जन्माच्या वेळी वडिलांचा जो होता तो. बैगाच्या वडिलांचा धर्म कोणी लिहून ठेवला होता? इंग्रजांच्या खानेसुमारीत त्याला कधी 'भूतपूजक' धाटणीचा शब्द होता, कधी आदिवासी धर्म. स्वातंत्र्यानंतर तो वेगळा रकानाच गेला. जो प्रगणक दारी येई त्याने बहुधा हिंदू लिहिलं. तेव्हा आज चर्चमधून बाहेर पडलेला बैगा 'परतून' कुठे जातो, हे ठरवायला त्याच्या आईबापांना कोणी विचारलेलंच नाही.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कंधांना ते विचारलं गेलं, एकदाच. तिथल्या नियोजित खाणीच्या खटल्यात एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगर हा त्यांचा देव असेल तर त्याबद्दलचा हक्क ग्रामसभेने ठरवावा. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही म्हणाल्या खाण नको. त्या निकालात अनुच्छेद २५ चा आधार आहे. मी वाचलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या निकालांत मला तो सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात कोणी आदिवासीचं संरक्षण केलं नाही. त्याला विचारलं आणि त्याने दिलेलं उत्तर मानलं.

बैहर हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला भाग आहे. अशा भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, त्याचे नियम मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू केले. त्यात रूढी, परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. शेजारच्या दिंडोरीत बैगाचकातल्या बैगांना वनहक्क कायद्याखाली आपल्या निवासक्षेत्राचा हक्क मिळाला आहे. म्हणजे वाट नाही असं नाही. पण राजकारणात या वाटेवर गर्दी नाही. तिथे एका बाजूला धर्मांतर थांबवा, दुसऱ्या बाजूला धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशा घोषणा आहेत. दोन्हीत आदिवासी कोणाचा यावर भांडण आहे.

मधेच एक तिसरा आवाज उठतो आहे. आम्ही हिंदू नाही, ख्रिस्तीही नाही, आमचा रकाना वेगळा द्या. झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी तसा ठराव केला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांनी आपला धर्म सरना सांगितला होता आणि सुमारे १० लाख लोकांनी गोंडी. त्यासाठी छापील संकेतांक नव्हता. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. इतर कोणी असेल तर प्रगणकाने धर्माचं नाव पूर्ण लिहायचं, सांगणारा जसं सांगेल तसं.

पुढची जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. मोह तेव्हा फुलायला लागलेला असेल. बैहरच्या एखाद्या टोल्यावर प्रगणक पोचेल, अंगणात खाट टाकली जाईल, पाण्याचा लोटा येईल. नाव, वय, लग्न. मग धर्माचा प्रश्न. तो बहुधा घरातल्या पुरुषाला विचारला जाईल. दारात उभ्या असलेल्या, हातभर गोदणं असलेल्या म्हातारीला विचारलं, आणि तिने जे सांगितलं ते लिहायला त्याने पेन थोडा वेळ थांबवून धरला, तर ते उत्तर वाचायला मला पुन्हा बालाघाटला जायचं आहे.